सहावी चिप

पुण्यातल्या एका कंपनीत मी चिप तपासतो. उन्हात, गारठ्यात, ओलाव्यात ती खरा आकडा दाखवते का, हे पाहायचं आणि अहवालावर सही करायची. सही झाली की लाखभर चिप बनायला जातात.

मार्चमध्ये मातीचं तापमान मोजणाऱ्या नव्या चिपची चाचणी होती. मी मूळचा जालन्याचा, म्हणून तीर्थपुरीजवळची कारभारीकाकांची मोसंबीची बाग निवडली. सहा ठिकाणी वीतभर खोल सहा चिप पुरल्या. आकडे माझ्या फोनवर येत.

पाच चिप मातीबरोबर चालल्या. पहाटे चोवीस, दुपारी एकतीस. सहावी मात्र सकाळ-दुपार, अगदी पाणी सोडल्यावरही, ३६.९; माणसाच्या अंगाइतकं.

चिप खराब असेल म्हणून तिथे दुसरी लावली. तिनेही ३६.९ दाखवलं. काढलेली चिप दुसरीकडे बरोबर चालली. मग साधा थर्मामीटर रोवला: तीस. हात घालून पाहिलं. माती गार होती.

दोष चिपचा नव्हता, जागेचा होता. असं वाक्य मी अहवालात कधी लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी आकडा चढू लागला. अडतीस. मग ३९.४.

मी कुणाला काही बोललो नव्हतो. तरी काकांची बायको, दैवशालाकाकू, घरातून पातेल्यात पाणी घेऊन आल्या आणि ओल्या फडक्याची घडी त्या मातीवर ठेवून बसल्या.

"किती हाय आता?"

"एकोणचाळीसच्या वर. काकू, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सकाळपासूनच कणकण होती," त्या फडकं उलटत म्हणाल्या.

३८.६. ३८.१.

काका पाण्याचा पाइप हातात धरून लांब उभे होते. मी जवळ गेलो.

"काका, त्या जागी काय आहे?"

"काय न्हाई. बाभळ होती, ती काढून मोसंबी लावली. बिलकुल काय न्हाई." पाइप खाली ठेवून ते म्हणाले, "तिला इचारू नका, साहेब. आम्हाला लेकरू झालंच न्हाई."

अहवालात मी पाच जागा लिहिल्या आणि सही केली. नोकरीतली पहिली खोटी सही. सहावी चिप उपटायला हात धजावला नाही.

पुण्यात रोज उठल्यावर आधी तो आकडा पाहायचो. ३६.९ दिसलं की बरं वाटायचं. का, ते स्वतःलाही विचारलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दहाला तिथे सत्तावीस होतं. बाकी पाच ठिकाणी होतं तेवढंच.

लगेच फोन लावला. काकूंनी उचलला.

"उतरला ना ताप!" त्यांचा आवाज हसरा होता. "सकाळीच उठला. घरात आणलं त्याला."

"कोणाला?" मी ओरडलोच. तेवढ्यात काकांनी फोन घेतला.

"साहेब," ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "जरा हळू बोला. आत्ताच झोपलाय."