ड्रॉइंगबरहुकूम

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या टप्प्यातल्या एका लांबोडक्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवंत चौगुलेची एकोणीस वर्षं गेली होती. निपाणीहून आला तेव्हा टर्नर होता, आता शॉपफ्लोअरचा इनचार्ज. लेथवर वाकून वाकून त्याचा डावा खांदा दोन बोटं खाली उतरला होता आणि बोलायची वेळ आली की तो चार माणसांच्या मागे जाऊन उभा राही. काम त्याचं आणि टाळ्या दुसऱ्याच्या, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं.

या खेपेला मात्र वाटलं. जर्मनीहून मोठं गिऱ्हाईक येणार होतं. त्यांच्या यंत्रासाठीचा नवा स्पिंडल बसवंतने सहा महिने खपून जमवला होता, पण मालकांपुढे तो मांडला शंतनुने. शंतनु पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला, कायम निळ्या कोटात. मालक शिवकुमार म्हणाले, पाहुण्यांसमोर जो बाजी मारील, हेब्बाळचं नवं युनिट त्याचं. बाहेर आल्यावर शंतनुने बसवंतच्या पाठीवर थाप मारली.

"डोन्ट वरी, बसवंतराव. टेक्निकल काही अडलंच, तर तुम्ही मागे असालच ना."

ते बसवंतला झोंबलं. हातात दोन महिने होते. त्याने ठरवलं, पाहुण्यांपुढे आपणच उभं राहायचं, आणि करायचं तर मुळापासून. एखादा उसना कोट नाही, साहेबाच्या घरी असतं तसं कपड्यांचं अख्खं कपाट उभं करायचं. चौकशी करता करता तो कब्बनपेठेतल्या रघुजी शिंप्याकडे पोचला.

अरुंद जिन्यावरून वर गेलं की दुकान. कोळशाच्या इस्त्रीचा वास आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले गिऱ्हाइकांच्या मापांचे खाकी कागद. रघुजी सत्तरी ओलांडलेला. त्याचं घराणं तीन पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं.

"पयला निळा सूट, मग करडा," तो म्हणाला. "काळा नको, अण्णा. काळा वाढप्याला. शर्ट सहा, पांढरे नि फिके निळे. बुटाचे दोन जोड. एकच जोड लागोपाठ दोन दिवस घालायचा न्हाई, कातड्यालाबी इसावा पायजे. हं, गाव कंचं म्हनालात?"

ही त्याची माप घ्यायची रीत होती. गिऱ्हाइकाला गावच्या गप्पांत गुंतवायचं आणि ते सैल पडलं, त्याने श्वास सोडला, की टेप लावायची. ताठ उभ्या माणसाचं माप खोटं, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं.

बसवंत गप्पांत गुंतला नाही. पीण्याचा माणूस तो. त्याने पिशवीतून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर त्याने स्वतःला काढलं होतं, समोरून, बाजूने आणि मागून. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. मधोमध मध्यरेषा आणि दोन्ही बाजू सारख्या, कारण कारखान्यात तो असंच काढत आला होता. खाली बुटांसाठी पावलं, तीही तशीच.

"आमच्याकडं नजरेचं माप चालत न्हाई," बसवंत म्हणाला. "ह्या ड्रॉइंगबरहुकूम करा."

रघुजीने कागद पाहिला. मग बसवंतचा डावा खांदा पाहिला.

"हे तुमचं माप न्हवं."

"माझंच हाय."

"एकदा कापड कापलं की मी मानसापरमानं सूट बदलत न्हाई, अण्णा."

"बदलू नका. जॉब ड्रॉइंगला जुळला पायजे. न जुळलेला माल आमच्यात लाल खोक्यात जातो."

"सरी, तसं तर तसं," रघुजी म्हणाला आणि तो कागद त्याने खिळ्याला टोचला.

पंधरा दिवसांनी सूट आले, ओळखीच्या चांभाराकडून बूटही आले. निळा कोट चढवला तर डावा खांदा रिकाम्या पिशवीसारखा लोंबला. बुटांनी करंगळ्या चावल्या. बसवंतचं तोंड उतरलं, पण रघुजीने सुईला हात लावला नाही.

"घरी न्या. रोज घाला. स्वल्प थांबा, येईल."

काय येईल, ते त्याने सांगितलं नाही.

दासरहळ्ळीच्या घरी प्रणिताने सूट पलंगावर मांडून पाहिले. वहिनी, अक्का, शेजारीण, सगळ्यांशी तिचं सूत पटकन जमे. नवऱ्याच्या या नव्या कपाटाशी मात्र जमलं नाही.

"देखणे आहेत हो," ती म्हणाली. "पण आपल्या शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या कपांसारखं व्हायचं. पाहुणे आले तरच बाहेर."

बसवंत हसला. त्याने कारखान्याचे खाकी शर्ट आणि लोखंडी टोकाचे जुने बूट पोत्यात भरून माळ्यावर टाकले.

चौथ्या दिवशी कोट बसला. आरशात पाहिलं तर कोटाचं काही बदललं नव्हतं, खांदाच वर आला होता. बसवंतने कारखान्यातली पाणसळ आणून दोन्ही खांद्यांवर टेकवून पाहिली. बुडबुडा ऐन मधोमध थांबला. तो एवढा खूश झाला की त्याने दोनदा, तीनदा मोजलं. वाकड्या करंगळ्या सरळ झाल्या होत्या आणि बूट आता चालताना कुरकुरतही नव्हते. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याने शंतनुचं वाक्य अर्ध्यावर तोडलं आणि पुढचं स्वतः पुरं केलं.

"जिम लावली की काय?" शंतनुने विचारलं. हसला, पण हसू पुरतं आलं नाही.

घरी एकदा भाजी निवडताना प्रणिता म्हणाली, "तुम्ही हल्ली घोरत नाही."

"मग बरंच की."

"बरंच," ती म्हणाली. तिने पुढची जुडी सोडली. "मला मात्र झोप येत नाही."

पाहुण्यांचा दिवस उजाडला. शर्टाच्या बाहीचं बटण लावताना बसवंतचं लक्ष डाव्या मनगटाकडे गेलं. तिथे लेथवरच्या तापल्या किसाने भाजल्याचा चंद्रकोरीसारखा व्रण होता, पंधरा वर्षांपूर्वीचा. आता नव्हता. त्याने अंगठ्याने चोळून पाहिलं. कातडी गुळगुळीत होती. ड्रॉइंगमध्ये आपण व्रण काढला नव्हता, एवढंच त्याच्या मनात आलं. खाली टॅक्सी आली होती. त्याने बटण लावलं.

नऊ ते एक तो बोलत होता. कधी नव्हे ते चार माणसांच्या पुढे. पाहुण्यांनी आडवेतिडवे प्रश्न टाकले आणि त्याने एकेक असा उचलला की शिवकुमारांनी खुर्ची पुढे ओढली. स्पिंडल कोणाचा, हे कोणाला सांगावंच लागलं नाही. शंतनु मागच्या भिंतीशी फाइल धरून उभा होता. पाहुण्यांनी उठून हात मिळवला. शिवकुमार कन्नडात म्हणाले, हेब्बाळची किल्ली सोमवारी घे, इतकी वर्षं कुठे लपला होतास? बसवंतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एकोणीस वर्षांच्या सगळ्या टाळ्या त्याला एकदम मिळाल्या होत्या.

निघताना तो शॉपफ्लोअरवर गेला. जुना ऑपरेटर योगीराज हात पुसत समोर आला.

"अण्णा, सकाळी तुम्ही तीन नंबरचं बेअरिंग बदलायला लावलं ते बेस झालं. न्हाईतर आज स्पिंडल..."

बोलता बोलता त्याची नजर कोटावर गेली.

"किती वाजता?" बसवंतने विचारलं.

"दहा असतील. तुम्हीच की, सर."

सर. योगीराजने त्याला आजवर कधी सर म्हटलं नव्हतं.

बसवंतने फोन केला नाही. बातमी तोंडाने सांगायची होती. चारला तो घराच्या दारात पोचला. बूट काढायला वाकला, पण पूर्वीसारखं वाकताच येईना. भिंतीला धरून त्याने एकेक बूट काढला.

दाराशी माळ्यावर टाकलेले जुने बूट होते. लोखंडी टोकाचे. डावी टाच बाहेरून झिजलेली. तळव्यात पितळी कीस अडकला होता, ताजा, चमकत.

आतून प्रणिता आली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता.

"मिळालं," बसवंत म्हणाला. "हेब्बाळ मिळालं."

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हं. पहिली पाळी करून आलेत. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. दर तिसऱ्या श्वासाला अडखळणारं.

"बसा ना," प्रणिता म्हणाली.

बसवंत कोचावर ताठ बसला. ती चहा घेऊन आली आणि पदर सावरून अदबीने पुढे केला.

कपाला सोनेरी काठ होता.