वेस घराचा पत्ता विचारत होता

खोटं रचायला डोकं लागतं. माझं डोकं तारा जोडण्यात गेलं. म्हणून जे घडलं तेवढंच सांगते.

साल १९९८. फेब्रुवारी महिना. गाव ग्रास व्हॅली, कॅलिफोर्नियाच्या डोंगरातलं.

आणि रात्र-बित्र नव्हती. चांगली ऊन पडलेली दुपार होती.

मिल स्ट्रीटवर एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मी नोरीन आणि माझा भागीदार हॅस्केल, दोघंच. गावातल्या लोकांना फोनच्या लाइनवरून इंटरनेट द्यायचं, हा आमचा धंदा. त्यातलंच एक काम नावांचं. संगणकाला नाव कळत नाही, आकडे कळतात. कुणी एखाद्या मशीनचं नाव घेतलं की त्याचे आकडे सांगायचे. तोच त्याचा पत्ता. पेट्रोल पंपावरचा माणूस जसा 'अमक्याचं घर कुठे?' याचं उत्तर देतो, तसं आमचं एक मशीन दिवसभर उत्तरं देत बसायचं.

कोण विचारतंय ते पडद्यावर दिसायचं. म्हणजे माणूस नाही दिसायचा. कुठल्या गावच्या मशीनने विचारलं, ते दिसायचं.

मी पेस्टी, म्हणजे आमच्याकडची खिम्याची भाजलेली करंजी, खात बसले होते.

पडद्यावर एक ओळ आली.

एल्को, नेवाडाहून कुणीतरी विचारत होतं... क्वेल कुठे आहे?

माझा घास तोंडातच राहिला.

क्वेल म्हणजे माझ्या भावाच्या, वेसच्या घरातलं मशीन. त्याला सगळ्या मशीनना पक्ष्यांची नावं द्यायची खोड होती. वेस गावोगावच्या शाळा आणि लायब्रऱ्यांत संगणक जोडून द्यायचा. मुक्कामाला पोचला की तिथल्या लाइनवर आपला लॅपटॉप जोडायचा. लॅपटॉप आमच्याकडे क्वेलचा पत्ता विचारायचा. मग घरी, स्वयंपाकघरातल्या पडद्यावर, डार्लीनसाठी एक ओळ उमटायची.

'पोचलो. जेवून घे.'

डार्लीन त्याची बायको. क्वेल हे नाव वेस, हॅस्केल आणि मी सोडून कुणी वापरत नव्हतं.

आणि वेस जानेवारीतच गेला होता...

एल्कोच्या बाहेर, दाट धुक्यात. गाडी कडेला घेऊन, दिवे लुकलुकते ठेवून थांबला होता. मागून ट्रक आला.

"हॅस्केल, इकडे ये. हे बघ."

"चुकून टाइप केलं असेल कुणीतरी."

"पूर्ण नाव? आपल्या कंपनीच्या नावासकट?"

"मग भूत असेल. घ्या! आधीच गिऱ्हाइकं कमी, त्यात हे फुकटं."

मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. उठून खालचा ड्रॉवर उघडला. पोलिसांनी पाठवलेला वेसचा लॅपटॉप त्यात होता. पडदा फुटलेला, बिजागरी तुटलेली, बॅटरी नाही.

लॅपटॉप जागेवरच होता.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला विनेमकाहून.

नंतर लव्हलॉकहून.

मला नकाशा उघडायची गरज पडली नाही. तो रस्ता मला पाठ होता. वेस त्याच रस्त्याने घरी यायचा.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याला पुरलं त्या दिवसापासून मला काहीच वाटत नव्हतं. जीभ भाजली की चव जाते, तसं झालं होतं. मी खात होते, बिलं पाठवत होते, लोकांचे पासवर्ड बदलून देत होते.

लव्हलॉकला आमच्यासारखाच धंदा करणारी एक बाई होती. मी तिला फोन लावला.

"आत्ता तुमच्याकडून क्वेल नावाची चौकशी झाली. कुणी केली ते सांगाल का?"

"कुणीच नाही हो. सगळ्या लाइनी मोकळ्या आहेत." मग आठवून म्हणाली, "एक लाइन वाजली खरी. मशीनने उचललीही. पण जोडताना पलीकडचा मोडेम घालतो ती शिट्टीच आली नाही."

"मग काय आलं?"

"मी कान लावला... टिक... टिक... टिक. गाडी वळताना दिवा लुकलुकतो ना, तसं." तिचा आवाज खाली आला. "बाई, तुमचं कुणी वाटेत आहे का?"

मी फोन ठेवून दिला.

मग रीनो. मग ट्रकी.

आणि ट्रकीला तो अडकला.

वर घाटात बर्फ पडला होता. रस्ता बंद. रेडिओवर सांगत होते, ट्रकांची रांग लागली आहे. रोज दुपारी प्रश्न ट्रकीहूनच यायचा. पुढे सरकायचा नाही.

"काय गं, भुतालासुद्धा घाट बंद असतो?" हॅस्केलने विचारलं. पण हसला नाही.

"त्याला बर्फासाठी टायरला साखळ्या लावायला कधी जमलंच नाही," मी म्हटलं.

हॅस्केलच्या पोटात काही राहत नाही. त्याने डार्लीनला सांगून टाकलं.

डार्लीनने घर विकलं होतं. ती यूजीन गावी बहिणीकडे राहायला जाणार होती. मी गेले तेव्हा अर्धं सामान खोक्यांत होतं आणि ती अंगात कोट घालून स्वयंपाकघरात त्या पडद्यासमोर बसली होती. मी आधी आणून ठेवलेल्या पेस्ट्या ओट्यावर तशाच पडून होत्या. त्यांना बुरशी आली होती.

"डार्लीन, शनिवारी किल्ल्या द्यायच्यात. ते लोक लेकरांना घेऊन येतायत."

"येऊ देत. मी नाही निघत."

"बरं, चार घास तरी खा."

"तो आल्यावर. येतोय ना तो? तुझंच मशीन सांगतंय."

"काय येतंय ते आपल्याला माहीत नाही, बाई!"

"जे येईल ते येईल. दार उघडायला कुणीतरी हवं, नोरीन. जन्मभर तो म्हणाला जेवून घे, आणि मी आपली जेवून घेत गेले. या खेपेला थांबते."

तिचं मनगट माझ्या हातात आलं. काटकी झाली होती. वेस तर गेलाच होता. आता ही त्याची वाट बघत उपाशी मरणार, हे मला स्वच्छ दिसलं. हिला मरू द्यायचं नाही, एवढं एकच मला कळत होतं.

त्याच सकाळी घाट उघडला.

दुपारी प्रश्न आला... कोलफॅक्सहून.

कोलफॅक्स म्हणजे दाराशीच. तिथून वळणावळणाचा रस्ता, आणि मग आम्ही.

"मी ते नावच काढून टाकते," मी हॅस्केलला म्हटलं.

"काढलंस तर 'असं नाव नाही' एवढंच उत्तर जाईल. मग तो विचारतच राहील. तुझाच भाऊ आहे, हट्टी. त्याला काहीतरी उत्तर दे."

आमच्या धंद्यात एक सवय आहे. एखाद्या नावाने कुणाला कुठेच पोचू द्यायचं नसेल, तर त्यापुढे एक ठरलेला पत्ता टाकायचा. १२७.०.०.१. जगातल्या प्रत्येक संगणकाला त्याचा अर्थ एकच कळतो... तू स्वतः. विचारणारा जिथे असेल तिथेच राहतो. वेळी-अवेळी शंभरदा टाकलेला पत्ता. बोटांना सवय झालेली.

मी क्वेलपुढे तो टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. कोलफॅक्सहून काही आलं नाही.

खाली दुकानात कुणीतरी खिळे मोजून देत होतं. तो आवाज थांबला.

आमच्या मोडेमच्या रांगेतला एक दिवा लागला.

लाइन उचलली गेली. शिट्टी नाही... काहीच नाही.

आणि पडद्यावर ओळ आली. क्वेल कुठे आहे?

गावाच्या जागी आमचंच नाव होतं. मिल स्ट्रीट.

उत्तर गेलं. दिवा विझला.

"संपलं?" हॅस्केलने विचारलं.

"संपलं."

त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कधी आला नाही.

डार्लीन शनिवारपर्यंत बसून राहिली. पडदा कोराच राहिला. शनिवारी तिने आपल्या हाताने किल्ल्या दिल्या. मी तिला गाडीने यूजीनला सोडलं. वाटेत एका हॉटेलात तिने सूप मागवलं, आणि पहिला चमचा तोंडात घालताच ती ढसाढसा रडली. आता बरी आहे. अंगाने भरली आहे, फोनवर माझी थट्टा करते.

एकदाच म्हणाली, "तो आलाच नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

मी यूजीनहून परतले तेव्हा हॅस्केल टेबल आवरत होता.

"नोरीन, त्याने शेवटचं कुठून विचारलं?"

"इथून."

"आणि आपण काय सांगितलं त्याला?"

मी पडद्याकडे बघितलं.

"आहेस तिथेच तुझं घर आहे, असं सांगितलं," हॅस्केल म्हणाला. त्या आठवड्यात त्याने दुसरीकडे नोकरी धरली.

पत्ता बदलणं माझ्या हातात आहे. पण कुठला टाकू? जुन्या घरात लहान लेकरं खेळतात. यूजीनचा टाकू? डार्लीन आत्ता कुठे जेवायला लागली आहे. म्हणून ती ओळ अजून तशीच आहे. मी तिला हात लावत नाही.

नवीन आलेला मुलगा म्हणतो, दुपारी या खोलीत गारठा असतो. मी म्हणते, स्वेटर घालत जा.

वेस माझा धाकटा भाऊ. गावोगाव विचारत विचारत एवढ्या लांबून आला. घर आलं, असं त्याला मीच सांगितलं.

रोज संध्याकाळी मी दिवे मालवते, बाहेरून कुलूप लावते आणि माझ्या घरी जाते.