पंजाबरावांची बावीस मिनिटं

ऋत्विक, तो मोबाइल पालथा घाल. रुपाली, तूपण. लाइट येईपर्यंत गच्चीवर बसायचंच आहे, तर ऐका. पिंपळ, पांढरी साडी आणि उलटे पाय असलेली गोष्ट मला येत नाही. तसल्या गोष्टी रिकामटेकड्यांनी सांगाव्यात. ही गोष्ट आपल्या जळगाव जामोदमध्ये, माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाला लागून जो फोटो स्टुडिओ होता, तिथे घडली. शनिवार, ११ फेब्रुवारी २०१७. घड्याळातली वेळही सांगेन.

स्टुडिओ शालिग्रामचा. आमची मधली भिंत एकच, त्यामुळे त्याची फुशारकी वीस वर्षं माझ्या कानावर पडत होती. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरीच्या डोक्यावरून हंस उडवणारा आणि नवरदेवाचं तोंड बदामात बसवणारा माणूस. स्वतःला कलाकार म्हणवायचा, गिऱ्हाइकांना ‘पब्लिक’. पब्लिकला काय कळतं, हे त्याचं दर दोन वाक्यांमागचं एक वाक्य.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला चांगुणाबाई आणि त्यांची मुलगी मयुरी त्याच्याकडे आल्या. चांगुणाबाईंचे यजमान पंजाबराव, एसटीतले रिटायर कंडक्टर, जानेवारीत वारले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता आणि मयुरीला दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पुण्याला परत जायचं होतं. वडील जायच्या आधी आठ दिवस तिने मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ घेतला होता. मोबाइल भरला म्हणून तो तिने पेन ड्राइव्हवर टाकला आणि मोबाइलमधून काढला. म्हणजे तो तेवढ्या एकाच ठिकाणी होता.

“सीडीवर करून दे बापू,” चांगुणाबाई म्हणाल्या. “मोबाइल मले चालवता येत नाही. घरच्या प्लेअरचं बटन माह्या बोटाले माहीत हाये.”

त्यांना काचबिंदू. उजेड आणि अंधार, एवढंच दिसायचं.

शालिग्राम हसला. “पाहान कशी मावशी?”

“पाह्याचं कोनाले हाये? आइकाचं हाये. पोरगी गेली का घरात मी एकटीच.”

मी तिथेच उभा होतो. म्हटलं, “शालिग्राम, आवाजाला हात लावू नकोस.”

“काका, तुम्ही तुमचे डबडे पाहा ना. मले काऊन शिकवता?”

काम केवढं? मोबाइलची फाइल जुन्या प्लेअरला वाचता येत नाही. ती कन्व्हर्ट करायची आणि कोऱ्या डीव्हीडीवर राइट करायची. मशीनला लावून चहा प्यायला गेलं तरी होतं. पण कलाकार माणूस इतकं साधं काम साधेपणाने करील का?

रात्री दहा चाळीसला तो बसला. इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यानेच सांगितलं, पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून.

त्याचा एक नियम होता. बाहेरचा पेन ड्राइव्ह आला की फाइल आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायची आणि ड्राइव्ह तिथल्या तिथे फॉरमॅट करायचा. व्हायरस येतो म्हणे. ज्याचा त्याला विचारायची पद्धत नव्हती. पब्लिकला काय विचारायचं?

व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. पहिली सहा मिनिटं पंजाबराव बोलतात. गॅसचं पुस्तक कुठे, पेन्शनचे कागद कोणत्या पेटीत, नळ आला की आधी कोणता हंडा भरायचा. पुढची सोळा मिनिटं ते अंगणात बाजेवर नुसते बसलेत. शेजारी चांगुणाबाई. भुईमुगाच्या शेंगा फोडतात. खोकतात. मधेच दाणे बायकोच्या हातावर ठेवतात. दोघंही काही बोलत नाहीत. मयुरी शूटिंग बंद करायचं विसरली होती.

शालिग्राम एकटाच मोठ्याने हसला. “म्हतारा शेंगा खाऊन राह्यला अन् याची सीडी बनवा म्हनते!” सोळा मिनिटं कापली. उरलेल्या सहा मिनिटांत कुत्रं भुंकत होतं, खोकला होता, म्हणून मूळ आवाज साफ बंद केला. गेलेल्या माणसांसाठी त्याचा एक साचा ठरलेला होता. कोपऱ्यात हलणारी ज्योत, खाली कमळ आणि वरून बासरी. गावातल्या प्रत्येक मयताला तीच बासरी. ज्या बाईला दिसत नाही, तिच्यासाठी त्याने ज्योत आणि कमळ लावलं आणि तिच्या नवऱ्याला मुका केलं. मग मूळ फाइल डिलीट. रिसायकल बिनसुद्धा रिकामा.

“बॅकअप नाही ठेवला?”

नाही, रुपाली. बॅकअप ठेवायला दुसऱ्याच्या वस्तूची किंमत असावी लागते.

अकरा पस्तीसला डिस्क तयार झाली. तपासायला त्याने ती दुकानातल्या प्लेअरमध्ये घातली. ज्योत आली, कमळ आलं, बासरी सुरू झाली. एक मिनिट झालं असेल, आणि बासरी थांबली.

टक्.

त्याला वाटलं, डिस्क खराब. काढून मोडली, दुसरी राइट केली. बारा वाजून पाच मिनिटं. या वेळी बासरी अर्धं मिनिट वाजली. मग काही नाही... आणि टक्. शेंग फुटल्यासारखं. त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं. आवाजाच्या पट्टीवर बासरीशिवाय काहीही नव्हतं.

तीही मोडली. तिसरी डिस्क. बासरी वाजलीच नाही.

चित्र सहा मिनिटांनी संपलं. प्लेअरवरचे आकडे थांबले नाहीत. सात मिनिटं. आठ. पडदा काळा. आणि त्या काळ्या पडद्याआड कोणीतरी शांत बसून श्वास घेत होतं. नऊ... दहा. खोकला. टक्.

त्याने तीही काढून मोडली. तरी आवाज थांबेना, तेव्हा उठून मेन स्विच पाडला. एक वाजून दहा मिनिटं. शटर खाली. काळोख.

बरं वाटलं त्याला. क्षणभरच.

टक्.

आता तो आवाज टीव्हीतून नव्हता. मागून होता. पासपोर्ट फोटोसाठी निळ्या पडद्यापुढे स्टूल ठेवलं होतं ना... तिथून.

“बासरी कोनं सांगतली तुले?”

कंडक्टरचा आवाज. मागच्या सीटपर्यंत पोचणारा. पण हळू.

शालिग्रामने मागे वळून पाहिलं नाही.

“...बोल ना बे.”

“काका, मले वाटलं...”

“कोनं सांगतली?”

“...कोनंच नाही.”

टक्.

“कापलेलं दे.”

“डिलीट... डिलीट झालं काका.”

 रस्त्यावर कुत्रंही नाही. फक्त श्वास. त्याचा स्वतःचा, आणि...

“मंग बस.”

तो बसला. खुर्चीत, स्टुलाकडे पाठ करून, हात मांडीवर. उठायचा विचार नुसता मनात आला की मागे टक् व्हायचं. बोलणं नाही. धमकी नाही. नुसतं बसणं. सोळा मिनिटं त्याला बघवली नव्हती... चार तास बसला.

साडेपाचला दूधवाल्याची गाडी गेली. मागचा श्वास थांबला.

ऋत्विक, हसतोस कशाला?

“काका, झोपला असंल तो. स्वप्न पाह्यलं.”

असेल. मीही आधी तेच म्हटलं. पण सकाळी त्याने काय केलं ते ऐक.

सात वाजता मयुरीने शटर वाजवलं. तिची गाडी पावणेआठची. तिला देण्यासारखं ह्याच्याजवळ काही नव्हतं. खरं सांगायचं, पाय धरायचे, तर ह्या कलाकाराने डब्यातली वरची कोरी डीव्हीडी उचलली, मार्करने तिच्यावर ‘पंजाबराव’ लिहिलं, पाकिटात घातली आणि हसून तिच्या हातात दिली. मशीनला ती लागलीसुद्धा नव्हती. पोरगी पुण्याला जाणार, म्हातारीला दिसत नाही, वाजली नाही तर प्लेअर बिघडला म्हणून सांगता येईल, हा त्याचा हिशोब. रात्रभर पाठीमागे तो माणूस बसून होता, आणि उजाडल्यावर ह्याने त्याच्याच बायकोला फसवलं.

नऊ वाजता मी दुकान उघडलं तेव्हा तो माझ्या पायरीवर बसून होता. सगळं ऐकल्यावर मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या तुमच्यासमोर उच्चारत नाही. पण चांगुणाबाईंकडे जाऊन सांगायचा धीर मलाही आठ दिवस झाला नाही. तेही खरं.

रविवारी, एकोणीस तारखेला, दिवेलागणीनंतर गेलो. तुमच्या नवऱ्याचा आवाज कायमचा गेला, हे कसं सांगायचं त्याचे शब्द वाटेत जुळवत होतो. त्या दारातच होत्या.

“या भाऊ. शालिग्रामले सांगजा, चांगलं काम केलं त्यानं. कायी कापलं नाही.”

 त्या आत गेल्या, भिंतीला हात लावत प्लेअरपाशी बसल्या आणि बोटाने चाचपून बटण दाबलं. टीव्हीचा पडदा काळाच राहिला. पंजाबराव बोलू लागले. गॅसचं पुस्तक. पेन्शनचे कागद. कुत्रं भुंकलं. नळाचा हंडा. मग ते थांबले.

मी घड्याळ लावून बसलो होतो. शांतता... श्वास... टक्... खोकला. पंधराव्या मिनिटाला चांगुणाबाईंनी उजवा तळहात पुढे केला. जरा वेळ तसाच धरला. मग मूठ मिटली.

बावीस मिनिटांनी आवाज संपला.

तेव्हा मी सगळं सांगितलं. स्टूल, बासरी, कोरी डिस्क, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“भूत? आमच्यात भूतबित मानत नाही भाऊ. हट्टी होते, बस. तिकीट काढल्याबिगर कोनाले उतरू देत नोयते.”

“एकदा डिस्क पाहू का?”

“पाहा. पन घराबाहीर नेऊ नोका.”

मी ती काढली आणि बल्बखाली उलटी धरली. डीव्हीडीवर जेवढं राइट होतं तेवढा भाग मधल्या भोकापासून बाहेर गडद होत जातो. कडेने धरून तिरपी केली की पोरालाही दिसतं. बावीस मिनिटांचं असेल तर चांगलं बोटभर रुंद वलय दिसायला हवं. मी चष्मा पुसला. पुन्हा धरली. खिडकीशी नेऊन टॉर्च लावून पाहिली.

भोकापासून कडेपर्यंत एकसारखी, जांभळी, गुळगुळीत. कोरी.