शलोमीचा प्रश्नवाला

आता तुम्हीच सांगा, करंज्या लाटताना कुणी प्रेमात पडतं का? शलोमी पडली. म्हणजे पुरती पडली ती नंतर, पण पाय घसरला तो त्या शनिवारी, वर्ध्यातल्या त्यांच्या छोट्याशा चर्चच्या अंगणात, कोपरापर्यंत मैद्यानं माखलेली असताना.

नाताळ तोंडावर आला होता. महिलामंडळाच्या बायका सतरंज्या टाकून फराळ बनवायला बसल्या होत्या. गार वारा सुटला होता, कढईतून वेलचीचा वास येत होता. आत नवा माईक लावायला हिंगणीहून कुणी साऊंडवाला आला होता आणि त्याचं आपलं "हॅलो, हॅलो, चेक" चाललं होतं. मधेच कर्ण्यातून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला —

"हॅलो... मले एक सांगा. देवाले सगळंच माईत असते, तं मंग प्रार्थना करून त्याले सांगता कायले?"

अंगणातली लाटणी जागच्या जागी थांबली. समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं. शोभाबाईंनी, म्हणजे शलोमीच्या आईनं, कपाळाला हात लावला. "कोण गं हा आगाऊ? जा, आधी तो माईक बंद करायला सांग त्याला."

शलोमी तरातरा आत गेली. वायरींच्या गुंत्यात एक उंचेला, सावळा मुलगा उकिडवा बसला होता. त्यानं मान वर केली, आणि तिच्या ओठांवर आलेलं रागाचं वाक्य कुठं गेलं कोण जाणे. डोळे असे खट्याळ की रागवायला गेलेल्या माणसालाच हसू यावं.

"माईक चालू आहे तुमचा," ती कशीबशी म्हणाली.

"माईत हाय. चालू हाय का नाई, तेच पाहून राह्यलो."

"सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"मंग उत्तरही गल्लीले ऐकू जाऊ द्या." आणि त्यानं माईक सरळ तिच्यापुढं धरला.

आता शलोमी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दर रविवारी संडे स्कूलची वानरसेना सांभाळणारी पोरगी ती. तिनं पिठाच्याच हातानं माईक घेतला.

"घरी गेल्यावर 'आई, भूक लागली' म्हणता की नाही?"

"म्हनतो."

"आईला माहीत नसतं?"

"असते..."

"मग सांगता कायले?"

बाहेर बायकांचा हशा पिकला. तो मात्र हसला नाही. माईक परत घेताना त्याच्या बोटांना तिच्या हाताचं पीठ लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. नुसता बघत राहिला.

"मी आदेश," तो म्हणाला. "तुमचं नाव?"

"कशाला हवंय?"

"दुसरा प्रश्न कोनाले विचारू, ते माईत पाह्यजे न."

नाताळच्या उपासनेला तो मागच्या बाकापाशी साऊंडचा मिक्सर घेऊन बसला होता. शलोमीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पण तो कधी हसला, कधी चर्चच्या पाळकसाहेबांच्या उपदेशावर त्यानं मान हलवली, हे सगळं तिला पाठीनं कळत होतं. उपासना संपल्यावर सगळे एकमेकांना सलाम करत होते, आणि हा पठ्ठ्या थेट पाळकसाहेबांना गाठून काहीतरी विचारत उभा. शलोमीचे वडील प्रभाकरराव चर्चच्या कमिटीवर. त्यांनी लांबूनच नाक मुरडलं. "श्रद्धेत असे फाटे फोडायचे नसतात," ते घरी आल्यावर म्हणाले. शलोमीनं "हो बाबा" म्हटलं आणि ताटाकडे बघून उगाचच हसली.

शलोमी शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. जानेवारीतल्या एका सकाळी तिच्यासमोरच्या खुर्चीत कोण येऊन बसावं?

"शुगर चेक करायची हाय."

"उपाशी आलात?"

"नाई. चन्याचे तर्रीपोहे खाऊन आलो."

"मग कसली शुगर तपासू? चण्यांची?" ती हसू दाबत म्हणाली. "बाही वर करा. मूठ आवळा."

सुई दिसली तसा गड्याचा रंग उतरला. खांद्यावर भलेमोठे स्पीकर वाहणारा माणूस डोळे गच्च मिटून भिंतीकडे तोंड करून बसला. शलोमीला अशी माया दाटून आली की काय सांगावं.

"दिवसभर लोकायचं रक्त काढता," तो डोळे न उघडताच म्हणाला, "आन् रविवारी क्षमा मागता. बरं हाय तुमचं."

"प्रश्न विचारायला आलात ना? विचारा, तोवर माझं होतं."

"वैऱ्यावरही प्रेम करा, म्हनते तुमचा येशू. जमते का कोनाले?"

"तुमच्यावर करायचा प्रयत्न चालूच आहे."

बोलून गेली आणि मग तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. कान लाल झाले. आदेशचे डोळे टक्क उघडले. सुई, रक्त, सगळं विसरून तो तिच्याकडे बघायला लागला.

"म्हणजे... मी वैऱ्यांबद्दल बोलत होते," ती कापूस दाबत म्हणाली.

"मीपन," तो म्हणाला. हातावरचा कापूस धरायच्या निमित्तानं त्याचं बोट तिच्या बोटावर आलं, ते दोघांनीही काढून घेतलं नाही.

मग काय विचारता. रोज एक प्रश्न फोनवर यायला लागला. सोमवारी देव काय करते? क्षमा केल्यावर माणूस विसरतेही का? शलोमीला सगळ्यांची उत्तरं येत होती असं नाही. काही ती पाळकसाहेबांना विचारून सांगायची, काहींवर दोघं भांडायची. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी आता तिला नव्यानं कळत होत्या, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की मधेच त्याचा चेहरा यायचा. देवाला सगळं माहीत असतं, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी त्यानं तिला बाईकवरून हिंगणीला नेलं. त्याच्या आईनं, सीताबाईंनी, पोटभर जेवू घातलं. मग दोघं शेताच्या बांधावर हरभऱ्याचे घाटे सोलत बसली. लांब बोर अभयारण्याचं जंगल दिसत होतं, पळस नुकता फुलायला लागला होता. आदेश मघापासून एकच घाटा बोटांत फिरवत होता.

"एक विचारू? हा मस्करीचा नाई."

"विचारा ना."

"माहा मोठा भाऊ होता. कैलासदादा. कोनाच्याही शेतातली मोटर बंद पडली का हा धावत जाय. मायच्या आधी मले त्यानं भरवलं. याच बांधावर साप चावला त्याले... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं." त्यानं हातातला घाटा खाली ठेवला. "त्यानं येशूचं नाव कदी घेतलं नाई. तुमच्या धर्मानं तो कुठी हाय आता?"

शलोमीला उत्तर येत होतं. लहानपणीच तोंडपाठ केलेलं होतं. पण त्याचा तो चेहरा समोर असताना ते तिच्या जिभेवर येईना.

"मला माहीत नाही, आदेश," ती शेवटी म्हणाली. "खरंच माहीत नाही. एवढंच वाटतं, की मी ज्याच्यावर विश्वास ठेवते, तो तुझ्या दादाला माझ्याहून जास्त ओळखत असणार."

तुझ्या... दोघांनाही तो शब्द ऐकू आला. आदेशचे डोळे भरून आले होते.

"इतके लोक भेटायले आल्ते. कोनी म्हने नशीब, कोनी म्हने कर्म. 'माईत नाई' म्हननारी तूच पह्यली." त्यानं तिचा हात हातात घेतला. दोघांची बोटं सोलून सोलून हिरवी झाली होती. "आता एक सोपा विचारतो. माह्याशी लगन करशीन?"

"हा सोपा प्रश्न आहे?"

"उत्तर तं सोपं हाय न..."

"हो," शलोमी म्हणाली, आणि तिचं काळीज असं धडधडायला लागलं की तिला वाटलं, ते आता अख्ख्या हिंगणीला ऐकू जाणार.

आदेश मागणी घालायला घरी आला. प्रभाकररावांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. "पोरगा कष्टाळू आहे, मला दिसतं," ते म्हणाले. "पण माझी एकच अट. ईस्टरला बाप्तिस्मा घे, मग लग्न मंडळीसमोर थाटात लावू."

"चालन," आदेश म्हणाला. क्षणाचाही विचार केला नाही. शलोमी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या गळ्यातच पडली.

दर बुधवारी तो पाळकसाहेबांकडे शिकायला जायला लागला. शिकवणीत प्रश्नही ठरलेले, उत्तरंही ठरलेली. आदेश स्पीकर बांधताना ती पुटपुटायचा, बाईकवर पुटपुटायचा. आणि फोनवर विचारणं त्यानं बंद केलं.

"आज काहीच विचारलं नाहीस?" शलोमी म्हणायची.

"काय विचारू? सगळं लिहेलच हाय न."

"अरे, काही पटत नसेल तर भांड की माझ्याशी. रविवारीच उपासना का, ते तरी विचार."

"नियम हाय."

नियम हाय! भर गल्लीत माईकवरून देवाला जाब विचारणारा हा माणूस, आणि आता म्हणतो नियम हाय. सगळं मनासारखं होत होतं, साडीचा रंगसुद्धा ठरला होता, आणि शलोमी रोज रात्री फोन हातात धरून त्याच्या प्रश्नाची वाट बघत बसायची. एकदा तिनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "एकही उत्तर चुकलं तं तुहे बाबा नाई म्हनतीन. मले तू पाह्यजे. बाकी मले काई विचारायचं नाई."

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात कमिटीपुढं त्याची तोंडी परीक्षा झाली. समोर पाळकसाहेब आणि प्रभाकरराव, बाजूच्या बाकांवर कमिटीचे लोक, मागं शलोमी आणि शोभाबाई. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आदेश उभा होता. पाळकसाहेब विचारत होते आणि तो धडाधड उत्तरं देत होता, तीही पुस्तकी मराठीत. त्याची हिंगणीची बोली कुठल्या कुठं गेली होती. लोक माना डोलवत होते. शलोमीला मात्र वाटत होतं, हा दुसराच कुणी उभा आहे.

"शेवटचा प्रश्न मी विचारतो," प्रभाकरराव खूश होऊन म्हणाले. "येशूवर विश्वास न ठेवता जे मरतात, त्यांचं काय होतं?"

आदेशनं एकदा खाली पाहिलं.

"ते... ते देवापासून कायमचे दूर जातात."

"शाब्बास," कुणीतरी म्हणालं.

शलोमी उभी राहिली. "आदेश. कैलासदादासुद्धा?"

"शलोमी, खाली बस," प्रभाकरराव म्हणाले.

"नाही बाबा. पाळकसाहेब, ह्याला बाप्तिस्मा देऊ नका. हा खोटं बोलतोय, माझ्यासाठी खोटं बोलतोय. मला हा प्रश्नांसकट पाहिजे. आपल्या भावाला दाराबाहेर उभं करून हा आत आला, तर मी ह्याच्या आईला काय तोंड दाखवू?" तिचा आवाज फुटला. "लग्न मोडलं तरी चालेल. पण हे नको."

आदेशनं बाहीनं तोंड पुसलं.

"खोटंच बोललो, साहेब," तो प्रभाकररावांकडे बघत म्हणाला. "येशू मले आवडते. लय आवडते. पन दादाले टाकून मले येता येत नाई. तुमी म्हनान तं मी जातो." आणि तो खरंच वळला.

"थांब."

प्रभाकरराव उठले. शलोमीला बापाचा राग माहीत होता. तिनं आईचा हात घट्ट धरला. ते चालत आदेशसमोर आले आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुझा भाऊ... कसा होता रे?"

आदेशला कळेचना. "म्हनजे?"

"कैलास. कसा होता, सांग की. इतके दिवस तू माझ्या घरी येतोयस, आणि मी हे एकदाही विचारलं नाही." ते पुढच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा त्यांनी हातानं झटकली. "बस असा. सांग."

आदेश बसला. मग हळूहळू, त्याच्या हिंगणीच्या बोलीत, कैलास येत गेला — वायर जोडायला शिकवणारा, जत्रेत हरवलेल्या धाकट्याला रडत रडत शोधणारा, दुसऱ्याच्या विहिरीत उतरून मोटर काढणारा, मायचा मार आपल्या पाठीवर घेणारा. कमिटीतलं कुणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. "मग?" प्रभाकरराव मधून मधून विचारत होते. "मग काय केलं त्यानं?" शलोमीनं आपल्या बापाला आजवर कुणाला इतकं काही विचारताना पाहिलं नव्हतं. ती पुढं गेली आणि सगळ्यांदेखत आदेशच्या शेजारी बसली, त्याचा हात हातात घेऊन. प्रभाकररावांनी ते पाहिलं आणि जरा सरकून दोघांना जागा करून दिली.

"बाप्तिस्म्याचं तू आणि देव बघून घ्या," सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले. "त्याची घाई नाही. लग्न कोर्टात लावा. पाळकसाहेब, नंतर इथे आशीर्वादाची प्रार्थना करता येईल ना?"

"येईल की," पाळकसाहेब म्हणाले.

"आणि उद्या मी हिंगणीला येतो. तुझ्या आईला भेटायचंय. कैलासचं अजून तिच्याकडून ऐकेन." ते घाईघाईनं चष्मा घालून बाहेर गेले.

शलोमीनं आदेशकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

"रडतोस काय रे?"

"नाई."

"खोटं नको बोलूस."

"रडून राह्यलो," आदेश म्हणाला, आणि हसला.