चिमूटभर मैदा

किराणा दुकानात पिठीसाखरेचा शेवटचा पुडा उरला होता आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक ठिणगीचा, दुसरा कानांवर टोपी ओढलेल्या एका उंच पाहुण्याचा.

"केक करताय?" तिनं पुडा न सोडताच विचारलं.

"नाही… माश्यांना घालायचीय."

ठिणगी हे नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं, आणि ते उगाच नव्हे. वडिलांच्या मागे घरामागच्या मधपेट्या तिनंच जपल्या होत्या. मेणबत्त्या करून दोघी आपलं भागवत. माश्यांचं नाव निघाल्यावर ती पुडा सोडते कसली? हा मधमाश्यांचा नवा डॉक्टर आहे, हे तिला तिथंच कळलं. त्यानं सांगितलं, वाटीभर माश्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवल्या, की अंगाला गोचिडासारखे चिकटलेले व्हरोआ नावाचे तांबूस किडे गळून पडतात. हेच किडे हिवाळ्यात पेट्याच्या पेट्या रिकाम्या करतात. ती म्हणाली, पुडा न्या, पण पहिली बरणी माझ्या अंगणात हलवायची.

मग तो येतच राहिला. पेटीवर दोघं वाकली की कपाळाला कपाळ लागेल की काय असं व्हायचं, आणि ती मुद्दाम जरा हळूच मागं सरायची. "या डॉक्टरचे पेशंट बरे व्हायचं नाव घेईनात," असं आत्या म्हणायची.

आणि एका सकाळी त्याच्या बाहीवर पिठीसाखर दिसली. बरणी तर अजून उघडलीही नव्हती.

"ही कुठं सांडली?"

"अशीच… एका ठिकाणी."

ते ठिकाण शोधायला तिला फार वेळ लागला नाही. मागच्या गल्लीत बेकरी होती. बेकरीवाली एकटी, हसरी, गालाला खळी पडणारी. डॉक्टर तिच्या मागच्या दारातून बाहेर पडताना ठिणगीनं डोळ्यांनी पाहिला, आणि ती बया त्याची कॉलर झटकत होती. ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून बेकरीचा पाव घरात यायचा बंद, आणि आत्याला चहात बुडवायला काही मिळेना.

थंडी कडक झाली. राणीमाशीनं अंडी घालणं थांबवलं, पेटीत पिल्लं उरली नाहीत, म्हणजे किड्यांना लपायला जागा नाही. औषध घालायचं ते याच दिवसांत. डॉक्टर औषधी पाकाची बाटली घेऊन आला, तशी तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"मी घालीन. तुम्ही बेकरीकडे बघा."

"तिकडेही मला जरा—"

"तेच म्हणतेय मी."

त्यानं टोपी कानांवर ओढली. "पाक कोमट असू दे," एवढंच म्हणाला. "आणि… हातमोजे घाला." मग गेला.

तिनं औषध घातलं. पेटीच्या तळाशी सरकवलेल्या पुठ्ठ्यावर तांबूस किड्यांचा सडा पडला, आणि मग पुठ्ठा स्वच्छ झाला. पण मध्येच चार दिवस ऊन पडलं, माश्या बाहेर उडाल्या, आणि पुठ्ठा पुन्हा तांबडा. एका हिवाळ्यात दुसऱ्यांदा ते औषध माश्यांना सोसत नाही. डॉक्टरला बोलवावं, तर ताठा आडवा येत होता.

ती बादली उपडी टाकून पेट्यांसमोर बसली. माश्या परतत होत्या… पाठी पांढऱ्या करून. एक तिच्या बोटावर बसली. मैदा होता तो.

"माझ्या माश्यासुद्धा तिच्याच घरी?" ती मोठ्यानं म्हणाली, आणि तशीच उठून बेकरीच्या मागच्या अंगणात जाऊन थडकली.

डॉक्टर एका मरगळलेल्या पेटीशी गुडघ्यांवर बसून तिचं दार फळीनं अरुंद करत होता. बेकरीवालीच्या हातात मैद्याची चाळणी होती.

"म्हणजे तुझ्याच माश्या होत्या," बेकरीवाली म्हणाली. "माझी पेटी किड्यांनी पोखरलीय. हिच्यातला मध लुटायला कुणाच्या तरी माश्या येतात आणि किडे घेऊन घरी जातात. कुणाच्या ते कळावं म्हणून मैदा टाकला."

ठिणगी डॉक्टरकडे वळली. "मला का नाही सांगितलं?"

"एकाच्या पेटीतलं दुसऱ्याच्या कानावर घालत नाही मी. आणि या बाई औषध घालू देत नव्हत्या, मध नासेल म्हणून. रोज येऊन समजूत घालत होतो."

"मधाचं काही नव्हतं," बेकरीवाली चाळणीकडे बघत म्हणाली. "औषध पडलं की यांचं येणं संपलं असतं. पण चहा पाजला तरी यांचं आपलं एकच, तुमच्या माश्या त्या मेणबत्तीवालीकडे उडतात का? शेवटी आज म्हटलं, घाला बाबा."

डॉक्टरचे कान लाल झाले होते.

"माझ्या पेट्या…?" ठिणगीनं विचारलं.

"आज इथं औषध पडलं की किड्यांची वाट बंद. आलेत तेवढे तुमच्या माश्या सोसतील, वाचतील."

तिला लाज वाटत होती, आणि तरीही मनातली आग पुरती विझली नव्हती. तिनं चाळणीतला चिमूटभर मैदा उचलला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"हे काय?"

"बघायचंय… कुठल्या घरी जातो ते."

मग मागं न बघता ती निघाली, आणि मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेली. घर जवळ आलं तशी पावलं आपोआप भरभर पडायला लागली.

अंगणात आत्या चहा गाळत होती. उपड्या बादलीवर तो बसला होता. खांदा पांढराच.

"झटकलं नाहीत?"

"म्हटलं… तू झटकशील."

तिनं हात पुढे केला, आणि खांद्याशी नेऊन तसाच ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसू दे सगळ्यांना."