ब्रेक नाही, ताई

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आमच्या दुकानात, माझ्या समोर घडलंय. ज्याला पटणार नाही त्यानं खुशाल हसावं, मी वाद घालणार नाही. ज्या माणसाच्या बाबतीत हे घडलं तो अजून जिवंत आहे. त्याला विचारलंत तर तोही नाही म्हणणार नाही.

थंडीचे दिवस होते. शुक्रवार. दिवे लागायची वेळ.

आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी चालवते. नवीन गिऱ्हाईक अजूनही मलाच विचारतं, "मिस्त्री कुठेत?" मी हातातल्या पान्यानं स्वतःकडे खूण करते. काहीजण तरीही आत डोकावून बघतात.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीचे मागचे लाइट तपासायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून सिग्नल देतो, ब्रेक दाबतो. दुसरा मागे उभा राहून ओरडून सांगतो. डावा लागला. उजवा लागला. ब्रेक लागला.

मागे उभं राहायचं काम धाकटीचं होतं. माझी लहान बहीण. आवाज इतका खणखणीत की शेजारचा टायरवाला म्हणायचा, "हिला टपावर बसवा, हॉर्नचा खर्च वाचेल."

काही वर्षांपूर्वी ती गेली.

तलावाच्या रस्त्यावर, असंच दिवस मावळताना, तिची स्कूटर गाडीमागे जोडलेल्या एका ट्रेलरवर मागून आदळली. ट्रेलरचा मालक म्हणाला, माझे लाइट चालू होते, पोरगीच वेगात होती, कानात गाणी होती. पोलिसांनी बघितलं. ट्रेलरच्या लाइटचा प्लग गाडीला नीट लावलेला होता. झालं. सगळ्यांना पटलं.

आईलासुद्धा पटलं.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. आई मेलेल्या पोरीवर रागावून बसली. कुणी नाव काढलं की म्हणायची, "जरा हळू गेली असती तर आज असती." घरात तिचा एक फोटो लावू दिला नाही.

धाकटी कानात गाणी लावून गाडी चालवणारी नव्हती. मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण. मला एकच हवं होतं. त्या माणसानं आईसमोर उभं राहून खरं सांगावं. मी त्याला कधी बघितलंही नव्हतं. चौकीत बाबा गेले होते, आणि परत आल्यावर त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

तेव्हापासून मी गाडीमागच्या भिंतीला आरसा टेकवते आणि एकटीच लाइट तपासते.

तर त्या शुक्रवारी एक माणूस आला. कोरी करकरीत गाडी, मागे जुना ट्रेलर, ट्रेलरवर होडी. तलावात लोकांना फिरवायचा त्याचा धंदा. आपण त्याला होडीवालाच म्हणू.

"गाडी बदलली," तो म्हणाला. "ट्रेलरचा प्लग बसत नाही हिला."

बसणार कसा? ट्रेलरचा प्लग सात पिनांचा, नव्या गाडीचं सॉकेट तेरा पिनांचं. मी म्हटलं, मध्ये अडॅप्टर लावता येईल, पण तुमचा ट्रेलर पाण्यात जातो, त्यापेक्षा प्लगच तेरा पिनांचा करून घ्या. आणि नव्या गाडीत वायर कापून जोडाजोड चालत नाही, मधे लाइटचा करंट सांभाळणारं मॉड्यूल बसवावं लागेल.

"एवढं कशाला? अडॅप्टरच दे. बसला म्हणजे झालं."

"नुसता बसून काय उपयोग? लाइट नकोत लागायला?"

तो हसला. "अगं बाई, ट्रेलर मागे पाण्यात घालायचा, होडी सोडायची, वर ओढायचा. टिकतात होय लाइट?"

कुठल्या पिनेला कुठली वायर आहे ते बघायला मी जुना प्लग उघडला.

आणि हात थांबला...

आत एकही वायर नव्हती.

केबल नुसती आत खुपसून वरून स्क्रू आवळला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळं जोडलेलं आहे. हत्तीचे दाखवायचे दात.

"हे कुणी केलं?"

"मीच. पाणी जायचं, शॉर्ट व्हायचं, गाडीचे फ्यूज उडायचे. टाकल्या वायरी तोडून. पोलीस काय, प्लग लागलाय एवढंच बघतात." मग जरा जवळ येऊन म्हणाला, "एकदा तर या प्लगनं वाचवलं मला. तलावाच्या वळणावर ब्रेक मारला, मागून स्कूटरवरची एक पोरगी येऊन धडकली. मी सांगितलं, लाइट चालू होते. त्यांनी प्लग बघितला. सुटलो."

सहज बोलला. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. एवढंच सांगते.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो गाडीत बसून निघून गेला असता, आणि पुन्हा चोराच्या उलट्या बोंबा. वाटलं, तसाच रिकामा प्लग देऊन पाठवावा. मरू दे मेल्याला. पण वायरिंग करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. बिनलाइटचा ट्रेलर ओढणाऱ्याला काही करत नाही. तो मागून येणाऱ्याला मारतो.

म्हणून मी काम केलं. दात-ओठ खात केलं, पण चोख केलं. मॉड्यूल बसवलं, तेरा पिनांचा प्लग, मागे पाणी न शिरणारे नवे लाइट. होडीवाला गाडीपुढे फेऱ्या मारत फोनवर बोलत होता.

मी सीटवर बसले. होडी मध्ये आल्यामुळे मागचा आरसा दिसेना.

"जरा मागे उभे राहता का?" मी हाक मारली. त्यानं फोनवर बोलता बोलता हातानंच नाही म्हटलं.

म्हटलं, सिग्नल चालू ठेवते आणि उतरून बघते. डावा दिला.

टिक... टिक... टिक...

दार उघडायला हात टाकला, तेवढ्यात मागून आवाज आला...

"डावा लागला."

माझा हात दारावरच राहिला.

होडीवाला समोर होता. मला काचेतून दिसत होता. दुकानात तिसरं कुणी नव्हतं.

माझ्या हातानं सवयीनं उजवा सिग्नल दिला.

टिक... टिक...

"उजवा लागला."

तोच आवाज. खणखणीत. शेवटचं अक्षर जरा ओढून.

मला रडू येत होतं आणि घाम फुटला होता, दोन्ही एकदम. मी ब्रेकवर पाय ठेवला. दाबला.

काहीच नाही...

शेजारचं टायरवाल्याचं मशीनसुद्धा बंद झालं. रस्त्यावरून एक गाडी जाईना.

मग अगदी शांतपणे...

"ब्रेक नाही, ताई."

पेडल आणि सीटच्या मधे काठी अडकवली आणि मी धावत मागे गेले. ब्रेकचे दोन्ही लाइट लालभडक पेटलेले होते. मागे कुणी नव्हतं.

होडीवाला फोन खिशात घालत आला. "कामाला ठेवलीय का कुणी पोरगी? ब्रेक नाही काय म्हणते? लागलाय की चांगला."

म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

"तुम्ही बसा," मी म्हटलं. "तुम्ही दाबा. मी इथून बघते."

तो बसला. काठी काढून त्यानं ब्रेक दाबला. लाल उजेड माझ्या पायांवर पडला. आणि माझ्या खांद्याजवळून...

"ब्रेक नाही."

या वेळी 'ताई' म्हणाली नाही.

त्यानं परत दाबला. आवाज पुढे सरकला होता, होडीच्या मध्यापर्यंत.

"ब्रेक नाही."

तिसऱ्यांदा आवाज त्याच्या दाराशी होता. मला काही दिसलं नाही. पण त्यानं बाजूच्या आरशात बघितलं, आणि गाडी अशी सोडली की होडी दाराच्या खांबाला घासून गेली.

मी वळणापर्यंत बघत राहिले. लाइट व्यवस्थित लागत होते. मला भीती वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

पुढच्याच आठवड्यात तो परत आला. सकाळी, चालत. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"गाडी विकली," म्हणाला. "बसनं जातो. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की मागच्या सीटवरून आवाज येतो. लिफ्ट थांबली तरी येतो. दुसरं काही बोलत नाही. कोण आहे ती?"

"माझी बहीण. तलावाच्या वळणावरची."

तो दाराकडे वळला.

मी त्याला तसंच दंडाला धरून घरी नेलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, सांगा आता. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. आईनं हातातली चादर खाली ठेवली आणि एकच विचारलं.

"आत वायरी नव्हत्याच?"

"नव्हत्या."

"निघा तुम्ही," आई म्हणाली.

तो गेल्यावर तिनं चादर उचलून पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी तिलाच बोल लावला गं." आणि धाकटी गेल्यानंतर पहिल्यांदा आई तिच्यासाठी रडली. त्याच दिवशी तिनं स्वतः भिंतीवर खिळा ठोकला. फोटो लावला. बाबांनी खुर्ची धरली होती.

मला हवं होतं ते मिळालं. खरं तर इथंच सगळं थांबायला हवं होतं.

पण होडीवाला परत आला. या वेळी रडत होता.

"सगळं कबूल केलं ना मी? चौकीतही लिहून देतो. तरी बोलते ती. तुझं ऐकेल. तिला थांबायला सांग."

तो म्हणाला ते खरं होतं. ती माझं ऐकेल. आमच्या कामात मागे उभा असलेला माणूस स्वतःहून जागा सोडत नाही. सीटवरचा म्हणतो, "बास, ये." मगच तो पुढे येतो. धाकटीनं हे कधी मोडलं नाही. आणि त्या शुक्रवारी मी "बास, ये" न म्हणताच सीटवरून उतरले होते.

दोन शब्द. मी म्हटले की तो सुटणार.

मी त्याला म्हटलं, "बघते." आणि त्याला दुकानाबाहेर घालवलं.

नाही म्हटले मी ते शब्द. आईनं जितकी वर्षं धाकटीला बोल लावला, तितकी वर्षं तरी त्यानं ऐकावं. मला त्याची दया येत नाही. तुम्हाला येत असेल तर येऊ द्या.

पण आता वेगळंच सुरू झालंय.

महिनाभरापासून मी कुठलीही गाडी तपासायला बसले की मागून आवाज येतो. माझ्याशी ती नीट बोलते. डावा लागला. उजवा लागला. ब्रेक लागला, ताई. पहिल्या दिवशी मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. वाटलं, राहू दे हिला इथंच.

मग थोडं थांबून ती हळूच विचारते...

"ताई, झालं का? येऊ का?"

शब्द ओठांवर येतात. पण एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ती गेली त्या दिवशी बाबांनी मला तिचा चेहरा बघू दिला नव्हता. दोन्ही हातांनी मला दारातच अडवलं होतं. "नको बघूस," एवढंच म्हणाले होते.

मी ये म्हटलं, तर ती पुढे येईल. माझ्या दाराशी. आणि मला बघावं लागेल.

काल संध्याकाळी तिनं परत विचारलं. मी गप्प राहिले. मग पुन्हा विचारलं...

"येऊ का, ताई?"

आवाज मागून नव्हता. माझ्या खिडकीजवळून होता.

मी किल्ली काढली, आणि समोर बघत तशीच बसून राहिले.