हिमालयावरचा तळहात

सकाळी प्रार्थनेआधी हिमालय नीट करणं हे प्राजक्ताबाईंचं रोजचं काम होतं. ओला फडका घ्यायचा, मुलांच्या बोटांनी पडलेले खळगे सारखे करायचे आणि मग घंटा द्यायला सांगायची.

पूर्णेकाठच्या त्या गावातल्या मुलांनी कालव्याच्या बांधाहून उंच काही पाहिलं नव्हतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण इथून दुरूनही डोंगर दिसत नव्हता. सरकारने देशभरच्या शाळांना दिलेला जिवंत नकाशा इथे आला तेव्हा म्हणूनच त्याचं अप्रूप फार झालं. दोन बाकांएवढ्या पाटावर पसरलेली राखाडी माती. तिला जाणती माती म्हणत. तिच्या कणाकणांतून बारीक वीज खेळायची. उपग्रहांनी घेतलेली मोजमापं पहाटे येत आणि त्यांप्रमाणे माती आपणहून चढे, उतरे. हिमनदीच्या जागी ती गार लागे, तलावाच्या जागी चकाके. मुलांची बोटं शिवालिकच्या टेकड्यांवरून निघत, मधल्या रांगा चढत आणि हिमाद्रीच्या शिखरांपाशी गारठून मागे येत. हा पर्वत अजून वाढतोय, आपल्या नखांपेक्षाही हळू, असं बाईंनी सांगितलं तेव्हा सगळा वर्ग आपापली नखं तपासत बसला होता.

या मातीची आणखी एक खुबी होती. ढगांमुळे नकाशा चालवणाऱ्या यंत्राला एखाद्या आकाराची खात्री नसली, तर ते तो आकार शाळांकडे पाठवून माणसांच्या हाताचा कौल घेत असे. काही वेडंवाकडं दिसलं तर शिक्षक तळहात दाबून ते पुसतील, असा हिशेब. फुकटचे हात कोणाला नको असतात? बाईंनी हे प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्या ते विसरूनही गेल्या होत्या.

त्या आठवड्यात केंद्रप्रमुख बोरीकर सर शाळा बघायला येणार होते. नेमकं तेव्हाच एका चिंचोळ्या दरीत मातीचा आडवा उंचवटा दिसला आणि त्याच्या मागे करंगळीच्या टोकाएवढा चकाकणारा खळगा. बाईंनी आधी शिवन्याकडे पाहिलं. पाचवीतल्या या मुलीचे हात सतत शिवशिवायचे.

"म्या नाही केलं, बाई," शिवन्या म्हणाली. "आपोआप आलंय ते."

चोराच्या उलट्या बोंबा, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी तिला नकाशाला हात लावायची बंदी केली, उंचवट्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर आला, थोडा मोठाच. बाईंनी पुन्हा दाबला. तिसऱ्या दिवशी दरी स्वच्छ होती. कार्टीला अद्दल घडली, असं त्यांना वाटलं. शिवन्या खिडकीपाशी तोंड फिरवून बसली होती.

बोरीकर सर आले, नकाशावर खूश झाले. मुलांनी नद्या दाखवल्या, शिखरं ओळखली. मग सरांनी विचारलं, की डोंगराचा कडा ढासळून नदीतच पडला तर काय होईल? हा धडा अजून झाला नव्हता, म्हणून बाई खडू घेऊन पुढे आल्या. त्यांनी दरी काढली. दरीत ढिगारा आडवा काढला. नदी अडली, ढिगाऱ्यामागे पाणी साचलं, तलाव झाला. हा ढिगारा कच्चा असतो, एक दिवस तो फुटतो आणि सगळं पाणी खालच्या गावांवर येतं, असं सांगता सांगता त्यांनी फळ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा खडू थांबला. हे चित्र त्यांनी याच आठवड्यात पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

बाईंनी खडू खाली ठेवला. त्या सरांना ओलांडून तडक खिडकीपाशी गेल्या.

"शिवन्या, ते कुठं होतं, दाखव. चुकलं माझं."

शिवन्याने आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग येऊन बोट ठेवलं, तेही जपून, मातीला न टेकवता. पाटाच्या कडेला लिहिलेला, नकाशा चालवणाऱ्या कचेरीचा नंबर बाईंनी तिथूनच फिरवला. पलीकडच्या माणसाने जागा तपासली. शाळांच्या हातांनी ती जागा खोटी ठरवली, म्हणून इशारा निघाला नव्हता, असं त्याने सांगितलं. आता माणसं पाठवतो, खालच्या गावांना कळवतो, पण वर अजून ढग आहेत, असंही म्हणाला. गावं किती, हे विचारायचं बाईंना धैर्य झालं नाही.

त्यांनी फोन ठेवला. सर केव्हाचे खुर्चीवर बसले होते. मुलं पाटाभोवती हात पाठीमागे बांधून उभी होती. तसं कुणी सांगितलं नव्हतं. दरी सपाट होती, बाईंनी केली तशीच.

शिवन्या त्या दरीतून खाली उतरणाऱ्या नदीकडे पाहत होती.

"बाई, तिथं खाली शाळा असंल ना? तिथल्या बाईंनी बी हात ठेवला असंल का?"